बागेत वाढलेलं मंगळसूत्र

धातू शोधायचं यंत्र केकाटलं तसे मुरलीधरराव खाली बसले. बसले म्हणजे आधी एक हात बाकाला, मग एक गुडघा, मग थोडा दम खाऊन दुसरा. सुरीने हिरवळ तीन बाजूंनी कापली, चौथी बाजू तशीच ठेवून डब्याच्या झाकणासारखी उचलली आणि खालच्या मातीत बोटं घातली. हाताला लागलं ते बिअरच्या बाटलीचं गंजलेलं बूच.

"काय मिळाला, बाबा?" बाकावरून देविकाने विचारलं.

"बूच."

"परत?"

त्यांनी बूच पिशवीत टाकलं, माती लोटली, हिरवळ बसवली आणि बुटाने दाबली. कौन्सिलने परवानगी देताना हीच अट घातली होती. परवानगीही या एकाच बागेपुरती आणि वसंत येईपर्यंतच. लोकांना वाटे, रिटायर्ड डॉक्टरला म्हातारपणी नवा छंद लागला. वाटू दे. कार्डिफच्या हॉस्पिटलात माणसांना भूल देण्यात हयात गेलेल्या या गृहस्थांनी जन्मात कधी छंद केला नव्हता, आणि हाही नव्हताच.

बाकावर देविकाशेजारी तिची आई, सुलक्षणा, बसली होती. अंगात जाड कोट, मांडीवर हातमोजे. याच बाकाभोवती फिरताना ऑक्टोबरात तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र गेलं होतं. सर बोटाला गुंडाळायची आणि ओढत राहायची ही तिची अलीकडची खोड. त्या दिवशी घरी येऊन मुरलीधररावांनी तिचा मफलर काढला, तर गळा मोकळा.

"इथेच तुटला, are you sure?" देविका म्हणाली.

"तुटलं म्हणू नये. वाढलं म्हणायचं."

"वाढलं? म्हणजे मोठा झाला?"

"अशुभ बोलायचं नसलं की आपण उलटं बोलतो."

"That's so weird, बाबा." ती हसली. मेडनहेडहून गाडी हाकत येताना हे यंत्र तिनेच आणलं होतं. जमिनीलगत, सावकाश, झाडू मारल्यासारखं फिरवायचं हेही तिनेच शिकवलं. डब्यांच्या कड्यांवर उगाच वाजू नये म्हणून त्याचं बटणही तिनेच फिरवून ठेवलं होतं. आता मात्र ती हलक्या आवाजात म्हणाली, "नवीन आणू या ना. साउथॉलच्या इंडियन दुकानांत मिळतो. She won't know the difference."

मुरलीधररावांना संताप आला. पोरीवर नव्हे; ती खरं बोलली म्हणून.

कारण त्यांचा सगळा भरवसा त्या सोन्याच्या दोन वाट्यांवर होता. ऑक्टोबरपर्यंत असं व्हायचं, की सुलक्षणा गोंधळली, घर ओळखेनाशी झाली, की तिचा हात गळ्याशी जायचा. बोटांना वाट्या लागायच्या. मग ती मान वर करून त्यांच्याकडे बघायची आणि हे आपले, हे तिच्या ध्यानात यायचं. आता हात गळ्याशी जाई आणि रिकामा परते, आणि ती त्यांच्याकडे बघे ती वेटिंग रूममधल्या माणसाकडे बघावं तशी. तिच्या मेंदूचे फोटो त्यांनी स्वतः पाहिले होते. कुठला भाग किती आटला हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या कुणी वाट्यांची ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी ती हसण्यावारी नेली असती. पण हसायचं कुणाला? त्या वाट्या मिळाल्या तर सुलक्षणा आपल्याला ओळखेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"अहो," सुलक्षणा बाकावरून म्हणाली, "गारठलात की. पुरे आता."

मुरलीधरराव मोहरले. "बघ," ते देविकाला म्हणाले, "अजून अहो म्हणते मला."

तेवढ्यात शेजारून एक वेल्श गृहस्थ भलंमोठं कुत्रं घेऊन चालले होते. "अहो, धरा हं त्याला," सुलक्षणा त्यांनाही शुद्ध मराठीत म्हणाली. त्यांनी हसून टोपी उचलली. देविकाने वडिलांकडे पाहिलं. ते यंत्राच्या वायरीचा नसलेला गुंता सोडवत होते.

पुढे सुलक्षणा म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणाऱ्या डे सेंटरला जायची त्या दिवशी ते एकटेच बागेत येऊ लागले. दोन-चार पेन्या, एक चमचा, तंबूचे खिळे. बाकाभोवतालची जागा संपली, कुंपण गाठलं, तरी वाट्या नाहीत. जानेवारीत एकदा चिडून त्यांनी घरामागच्या गवतावर बोटातली अंगठी काढून ठेवली आणि तिच्यावरून यंत्र फिरवलं. यंत्र गप्प. पुन्हा फिरवलं, तरी गप्प. कोकच्या डब्याची कडी आणि लग्नातलं सोनं, दोन्हींचा आवाज यंत्राच्या लेखी एकच होता. कड्या वगळायला सांगितल्या, तर ते बिचारं सोनंही वगळून मोकळं झालं होतं. म्हणजे इतके दिवस ते कदाचित त्या वाट्यांवरूनच चालत होते. मुरलीधररावांना आधी हसू आलं आणि मग ते तिथेच गवतावर मटकन बसले.

त्यांनी बटण फिरवलं आणि बाकापासून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता यंत्र पावलोपावली केकाटे. प्रत्येक कडीसाठी गुडघ्यांवर बसायचं, हिरवळ कापायची, कडी काढायची, हिरवळ शिवल्यासारखी बसवायची. पाठीची वाट लागली. कड्यांनी पिशव्या भरल्या.

फेब्रुवारी सरता सरता कुंपणाच्या मुळाशी तसाच आवाज आला, आणि त्यांनी तशाच कंटाळ्याने माती उकरली. एक वाटी. तिला चिकटलेली दुसरी. थोडे काळे मणी. मुरलीधरराव ओल्या जमिनीवर बसून रडले. एक बाई बाबागाडी थांबवून "You all right, love?" म्हणाली, तेव्हा त्यांनी मान हलवली.

घरी त्यांनी वाट्या साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि मणी काळ्या दोऱ्यात ओवले. डे सेंटरच्या गाडीतून सुलक्षणा उतरली, आत आली, खुर्चीत बसली. त्यांनी तिच्या तळहातावर मंगळसूत्र ठेवलं.

तिने वाट्यांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग मान वर केली.

"अहो," ती म्हणाली.

मुरलीधरराव तिच्याकडे झुकले.

"अहो, कुठे सापडलं तुम्हाला हे?"

"बागेत."

"बाई गं! कुणाचं तरी वाढलेलं दिसतंय. बिचारी शोधून शोधून वेडी झाली असेल." तिने वाट्या उलटून पाहिल्या. "तुमच्या मिसेसचं का?"

"हो."

"मग मला काय दाखवत बसलात? जाऊन द्या आधी. जीव भांड्यात पडेल त्यांचा."

"तू घालून बघ ना," ते म्हणाले.

तिच्या कपाळाला आठी पडली. परक्या पुरुषाने तू म्हटल्याची आठी होती ती. "काहीतरीच काय! दुसरीचं मंगळसूत्र कुणी घालतं का?" तिने ते त्यांच्या हातात परत ठेवलं, आणि मग आपण फार तोडून बोललो असं वाटून मऊ झाली. "आमचे हे अजून ड्यूटीवरून आले नाहीत. नाहीतर चहा टाकला असता."

ती उठली आणि तिने त्यांच्यासाठी दार उघडलं. अशा वेळी वाद घातला तर ती घाबरते, ओरडते, भिंतीला चिकटून उभी राहते, हे ते शिकले होते. त्यांनी बूट घातले आणि ते बाहेर पडले. मागे दार लागलं, साखळी सरकली.

फाटकाशी येऊन त्यांनी वळून पाहिलं. पडदा बाजूला सारून सुलक्षणा काचेशी उभी होती. त्यांनी हात वर केला. तिने हसून हातानेच खूण केली, जा, लवकर जा. आणि मग मान वाकडी करून त्यांच्या पलीकडे, रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिली.