सुगंधाकाकूंचा सिनेमा आणि माझं तापलेलं डोकं

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. ही नुसती बोलण्याची रीत नाही. माझ्या पोटात एक दिवा जळतो. त्या दिव्याशेजारचा पंखा सतत फिरत राहिला नाही, तर त्या उष्णतेनं मीच जळून जाईन. गरम हवा बाहेर जावी म्हणून माझ्या अंगाला जाळी दिलेली आहे. एवढी साधी गोष्ट माणसांना का कळत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. अंधेरीच्या एका ऑफिसात मी कैक वर्षं आलेख दाखवले. ते ऑफिस बंद पडलं आणि मुलुंडच्या एका सोसायटीनं मला आणलं. दर महिन्याच्या एका शनिवारी एका घरानं आपला सगळ्यांत आवडता सिनेमा सर्वांना दाखवायचा, असा तिथे रिवाज होता. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मला मखमली खोळ शिवली. पुढे त्याच खोळीनं लोक कॅरमबोर्ड पुसू लागले.

मित्रांनो, आवडता सिनेमा दाखवणारा माणूस स्वतः सिनेमा बघतच नाही. मी हॉलमध्ये सगळ्यांच्या मागे असतो, त्यामुळे मला फक्त माना आणि अंबाडे दिसतात. त्यात एकच चेहरा सारखा मागे वळतो. लोक हसले का, त्यांचे डोळे भरले का, हे तो तपासत असतो. आणि लोक? ते वेफर्सच्या पुड्या फोडतात. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका तर शेवट आधीच सांगून टाकतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाकाकूंची पाळी नेहमी पुढे ढकलली जाई. "वहिनी, फार जुना आहे हो तो. पोरं झोपतील," असं म्हणून काका आपलाच मारामारीचा सिनेमा पुन्हा लावत. शेवटी इमारत पाडायचं ठरलं. कोणी मालाडला, कोणी चेंबूरला भाड्यानं जाणार होतं. दसऱ्यानंतरचा शनिवार शेवटचा, आणि तो काकूंना मिळाला. त्यांची मुलगी अक्षता नोकरीसाठी बेंगळुरूला निघाली होती. तिनं हा सिनेमा आपल्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघावा, एवढीच काकूंची इच्छा होती.

"आई, लिंक पाठव ना. तिकडे बघेन."

"तिकडे तू दहा मिनिटं बघशील नि झोपशील. बस इथे गपचूप."

सिनेमा खाडीत होडी चालवणाऱ्या एका बाईचा होता. पोरं झोपली नाहीत. पण पंप आणि लिफ्टची देखभाल बघणाऱ्या हर्षदनं दसऱ्याला माझीही पूजा केली होती. हळदकुंकवाबद्दल माझी तक्रार नाही. पण झेंडूचा जाडजूड हार त्यानं नेमका माझ्या जाळीवर चिकटपट्टीनं बसवला होता! सुकेपर्यंत काढायचा नाही म्हणे, अपशकुन होतो.

पैलतीरावर वाट बघणाऱ्या एकीला आणायला बाईनं भर वादळात होडी पाण्यात लोटली आणि माझा दिवा विझला.

"वाट लागली!" हर्षद ओरडला.

काका खुर्ची सारून उठले. "जाऊ द्या. शेवटी ती पोचते, सगळे सुखी होतात."

"नाही होत," काकू म्हणाल्या.

"मग काय होतं?"

"सांगणार नाही. बसा खाली."

सेक्रेटरी झाल्यापासून प्रथमच काकांनी कुणाचं ऐकलं.

हर्षद मुख्य बटण बंद करायला धावला. त्यानं ते बंद केलं असतं तर पंखाही थांबला असता आणि माझा दिवा कायमचा गेला असता. काकूंनी त्याच्या हातावर चापट मारली. "पंखा फिरतोय ना त्याचा? फिरू दे की. तापल्या तव्यावर पाणी ओततोस का रे?" त्यांनी मला चाचपलं, चटका बसला तशी बोटं झटकली आणि हार ओढून काढला.

"काकू, अपशकुन..."

"शकुनाचं मी बघते."

हॉलमध्ये अंधार होता. अक्षता उठून दाराकडे गेली. काकू दाराकडे बघत राहिल्या. अक्षता मात्र दाराजवळचा उभा पंखा ओढत परत आली. तो तिनं माझ्याकडे तोंड करून लावला आणि आईशेजारी बसली.

मी गार झालो. दिवा लागला. होडी पैलतीरी लागली, पण जिला आणायचं होतं ती केव्हाच निघून गेली होती. बाई होडी बांधून चिंब अंगानं काठावर बसली आणि स्वतःशीच हसली. सिनेमा संपला. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. "आवाज जरा कमीच होता," असं म्हणत काका चष्मा पुसत राहिले.

"आई, हा तू बाबांबरोबर बघितला होतास?"

"छे! त्यांना मारामारी लागायची. घरी डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं नि घाटकोपरला एकटीच गेले."

"एकटी?"

"तशी तू होतीस. सातवा महिना होता. शेवटी इतक्या लाथा मारल्यास, मला वाटलं तुला आवडला नाही."

अक्षतानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आवडला होता गं," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्यापुढे कुणी आपला आवडता सिनेमा लावला, तर शेवटपर्यंत बसा. तो तुम्हाला आवडलाच पाहिजे असं नाही. पण शेवट आधी सांगू नका, आणि दाखवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा तरी बघा. माझं म्हणाल तर मी सध्या एका खोक्यात आहे. चेंबूरला की मालाडला, हे मला कोणी सांगितलेलं नाही. खोक्यावर 'नाजूक वस्तू' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, आणि त्यावर कोणीतरी तांदळाची गोण ठेवली आहे. तेवढी उचला हो कुणीतरी.