गालिच्यावरची पेशी

शेवटच्या शनिवारी दुपारी बाबांनी आम्हाला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर आडवं केलं. एका रांगेत आत्या आणि मी. समोरच्या रांगेत एकटे काका, म्हणजे आत्याचे यजमान. ते दोघांची जागा सहज भरून काढतात. पायांना पाय भिडवलेले, डोकी बाहेरच्या बाजूला.

"हे पेशीचं आवरण," बाबा म्हणाले. "ते मेदाचं असतं. मेदाच्या एकेका रेणूला एक डोकं, दोन पाय. डोक्याला पाणी प्रिय, पायांना पाण्याचं वावडं. म्हणून डोकी बाहेर, पाय आत लपवलेले."

"दादा, माझे पाय लपवलेलेच बरे," आत्या म्हणाली.

बाबांनी छत्तीस वर्षं प्रयोगशाळेत मेदाचा अभ्यास केला होता. गल्लीत त्यांना चरबीकाका म्हणत, आणि ती पदवी असल्यासारखे ते मान लववून तिचा स्वीकार करत. तीन आठवड्यांनी वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. ही त्याची तालीम.

आई एन्झाइम होती. ती बटाटे सोलता सोलता उठून आली होती आणि तिला परत जायची घाई होती. बाबांनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली. तिने आत्याच्या डाव्या पायातला मोजा खस्सकन ओढला.

"हे मेदाम्ल! शेजारच्या पेशीला धाडायचे निरोप पेशी आधीपासून करून ठेवत नाही बरं का. वेळ आली की स्वतःच्या आवरणाचा तुकडा काढते आणि त्याचाच निरोप बनवते."

दुसरं एन्झाइम होते शेजारचे दाताचे डॉक्टर. त्यांनी मोज्याला मधोमध गाठ मारली. गाठ बसली की त्याचं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे तो निरोप, होणार होता. बाबा स्वतः शेजारची पेशी झाले, मोजा झेलला आणि कोचावर कोसळून विव्हळले, "आई गं! सूज! ताप!" लगेच उठून बसले आणि तोच मोजा पोटावर फिरवत शांतपणे म्हणाले, "आता मी जठर. इथे हाच निरोप अस्तराची राखण करतो. निरोप तोच, घेणारा कोण त्यावर सगळं." मग त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात घट्ट धरले. "ही वेदनाशामक गोळी. गाठच मारू देत नाही. दुखणं थांबतं, पण पोट कुरकुरतं."

"हात सोडा, चार वाजता एकाची दाढ काढायची आहे," डॉक्टर म्हणाले.

"आणि काम झालं की मिनिटा-दोन मिनिटांत निरोप मोडीत!" मोजा धुण्याच्या बादलीत गेला.

"वा रे वा," आत्या खालून ओरडली. "मोजा माझा गेला आणि ताप मात्र तुला!"

बाबा हसून माझ्याकडे वळले. "आता खरी गंमत. मोजा नेमका कधी ओढायचा, हे एन्झाइमला कोण सांगतं?"

त्यांनी उत्तरासाठी श्वास घेतला. मला पाठीला रग लागली होती. मी म्हणाले, "समजलं, बाबा."

हे मी नऊ वर्षांची असल्यापासून म्हणत आले. 'समजलं' म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि विषय संपायचा; एका दगडात दोन पक्षी. मग ते सगळ्यांना सांगत सुटायचे, "हिला एका दमात समजतं." मला एकदाही समजलं नव्हतं. कधीतरी निवांत सांगू, असं ठरवून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी दात घासता घासता बाबा गेले. डॉक्टर धावत आले, नाडी पाहिली, आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "शेवटपर्यंत नियमाने घासले हो." आई तेवढ्यातही हसली, आणि मग हसायची थांबेना.

आठवड्याने ग्रंथपालबाईंचा फोन आला: व्याख्यान रद्द करायचं ना? मी हो म्हणणार तेवढ्यात आईने फोन घेतला. "मुलगी करेल. तिला सगळं समजतं. हे नेहमी सांगायचे."

वाचनालयात चाळीसेक माणसं आली. माझ्या जागी ग्रंथपालबाई स्वखुशीने आडव्या झाल्या. बाबांच्या हस्ताक्षरातल्या टिपणांची एकच प्रत होती. आपलं काम चुकू नये म्हणून आवरणातल्या तिघांनी ती मधे ठेवली आणि वाचता यावी म्हणून डोक्याला डोकी लावून पालथे झोपले. श्रोत्यांच्या वाट्याला सहा तळवे आले. काकांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

पहिल्या रांगेत बाबांचे प्रयोगशाळेतले एक धाकटे सहकारी बसले होते. त्यांना राहवेना. "माफ करा, पण ही पेशी उलटी झाली. पाय पाण्यात? अशी पेशी जगणार नाही."

सहकाऱ्यांचे कान लाल झाले.

"असू द्या," आत्या जमिनीवरून म्हणाली. "मला उठवा आधी."

गुडघ्यांमुळे तिला उठवायला दोघे, काकांना उठवायला चौघे लागले. पेशी सुलटी व्हायला सात मिनिटं गेली, आणि दुसरीकडे डोकं करून काका झोपले ते डोळे मिटूनच. मी टिपणं उचलली आणि वाचून दाखवू लागले. डोकं, पाय, आवरण, सगळं नीट चाललं होतं. लोक खूश होते. आई पुढे झाली आणि आत्याच्या मोज्याला हात घालून थांबली.

"ओढू?" तिने विचारलं.

तालमीत टिचकी बाबांनी मारली होती. आता आईचा खांदा तसाच होता आणि ती ओणवी उभी होती.

"अगं, कधी ओढू?"

"वहिनी, लवकर काय ते करा, गुदगुल्या होतायत," आत्या म्हणाली. लोक हसले.

मी टिपणांचं पान उलटलं. वर बाबांनी लिहिलं होतं: 'एन्झाइमला वेळ कशी कळते? हा भाग कन्येकडून वदवून घेणे. तिला उत्तम समजला आहे.' त्याखाली पान कोरं होतं.

सहकाऱ्यांनी हात वर केला होता. त्यांना उत्तर माहीत होतं, ते चांगलं सांगितलंही असतं त्यांनी. मला त्यांच्याकडून नको होतं.

"बाबा," मी म्हणाले. ध्वनिक्षेपक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "मला नाही समजलं. कधीच समजलं नव्हतं. परत सांगा ना."