कोटवाला वाचून राहिला

बाबांची खुर्ची दाराकडे पाठ करून. कूलरची हवा तिथेच लागते. समोर टीव्ही. रिमोट माझ्या हातात, आणि हात काही स्वस्थ बसत नाही.

सकाळी दवाखान्यातून फोन आला होता. संध्याकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर ऑपरेशनची तारीख दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही. बाबांच्या हृदयाची झडप तोवर दम धरेल का, तेही सांगता येत नाही.

बाबा म्हणतात, नाही.

"छाती फाडू देत नाही मी. शेजारचा मनोहरराव गेला होता ना चालत? चादरीत आला वापस."

आठवडाभर हेच. समजावलं, रागावलो, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. नाही. पेपर दाराखालून येतो आणि टीपॉयवर घडी न मोडता पडून राहतो. एरवी हा माणूस जाहिरातींसकट पेपर संपवायचा, एकेका ओळीवर बोट ठेवून.

म्हणून सिनेमा.

*

हे नीट सांगायला हवं. पण नीट बसवत नाही. तुकड्यांत सांगतो.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत आमचं घर होतं. घरात हातमाग. बाबा खड्ड्यात पाय सोडून विणायचे आणि विणता विणता मला एक सिनेमा सांगायचे. त्यांच्या लग्नाआधीचा, काळापांढरा. पाहायची मला बंदी होती, खूनखराब्याचा म्हणून. ऐकायची नव्हती. पात्रांना नावं नव्हती. एक कोटवाला, एक चष्मेवाला. दोघं मिळून सराफाचं दुकान फोडतात. चष्मेवाला उलटतो, कोटवाल्यावर गोळी झाडतो. इथे बाबा मागाची फणी जोरात आपटायचे. खट्! मी दचकायचो. मग कोटवाला एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या घरी लपतो. छातीत गोळी, तरी चाकू लावू देत नाही. शेवटी डॉक्टर कंदिलाच्या उजेडात त्याची छाती उघडतो, गोळी काढतो.

"मंग?" मी विचारायचो.

"मंग काय. कोटवाला वाचून राहिला."

आई, म्हणजे गोदूबाई, तेवढ्यात ताटं मांडायची.

चाळिशी उलटली तरी मी तो सिनेमा पाहिला नव्हता. कशाला पाहायचा? पाठ होता. आणि या आठवड्यात एका रात्री आडवा पडलो असताना एकदम वाटलं, अरे, छाती फाडू न देणारा माणूस, आणि वाचतो! बाबांना बाबांचाच सिनेमा दाखवायचा. प्रणालीनं, माझ्या बायकोनं, गोड बोलून त्यांच्याकडून नाव काढून घेतलं आणि तो फोनवर शोधला.

बाबा लगेच हो म्हणाले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

*

सुरू.

कोटवाला बुटका निघाला. कोट त्याच्या भावाचा असावा असा ढगळ.

थांबवला. कूलरमध्ये पाणी टाकून आलो.

"काहून थांबवून राहिला गा?"

"गरम होऊन राहिलं ना, बाबा."

सुरू. सराफाचं दुकान. गल्ली. सावल्या. चष्मेवाला चष्मा पुसतो, आणि पुसतो तेव्हा त्याचे डोळे फार साधे दिसतात, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. थांबवला. फोन पाहिला. कोणाचाच नव्हता. सुरू.

"असा पिच्चर पाहतात का?" बाबा प्रणालीला म्हणाले. "याच्यापेक्षा सिग्नलवर उभं राहिलेलं बरं."

"मामाजी, हे वरणभात खातानाही तीनदा उठतात."

गोळी. फट्, एवढंच. फुगा फुटावा तशी.

"ही गोळी?" मी म्हणालो.

"मागाची चांगली होती," बाबा म्हणाले.

डॉक्टरचं घर. कंदील. कोटवाला डॉक्टरचा हात धरून मान हलवतो. नाही, नाही. मी टीव्हीकडे पाहतच नव्हतो. बाबांकडे पाहत होतो. त्यांचा हात आपोआप छातीवर गेला होता, शर्टाच्या वरच्या गुंडीवर. पडद्यावर चाकू तापतो, घाम, खिडकीत पहाट. कोटवाला डोळे उघडतो.

थांबवला.

उभा राहिलो. भाषण तयार होतं.

"पाहिलं ना बाबा? तोही नाहीच म्हणत होता. उघडली छाती. वाचला ना?"

"सुरू कर."

"आता काय राहिलं? संपला."

"संपला? तुले कोणं सांगितलं?"

"तुम्हीच!"

प्रणाली पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, खालची लाल रेघ पाहा. अजून आहे बाकी."

रेघ खरंच टोकाला पोचली नव्हती.

*

सुरू.

व्हरांडा. वेताची खुर्ची. कोटवाला बसलाय, अंगात अजून तोच कोट. पाठ दाराकडे. हातात पेपर. वाचतोय. पान उलटतो, स्वतःशीच हसतो, वाचतो.

त्याच्या मागचं दार हलतं.

दारात बूट. पँट. मग हात, आणि तो हात चष्मा पुसतोय.

थांबवला. अंगठा इतका जोरात दाबला की बटण आत गेलं.

"बाबा, तुम्ही म्हणायचे, कोटवाला वाचून राहिला."

"हो मंग. वाचूनच तं राहिला." त्यांनी पडद्याकडे हनुवटी केली. "हातात पेपर नाही का त्याच्या?"

प्रणाली आधी हसली. ती उमरेडची, हीच बोली बोलत वाढलेली, तिला लगेच कळलं. मला वेळ लागला.

आमच्याकडे 'राहिला' म्हणजे चालू असलेलं काम. खाऊन राहिला, म्हणजे खातोय. जाऊन राहिला, म्हणजे निघालाय. वाचून राहिला, म्हणजे मरणातून सुटतोय. किंवा पेपर वाचतोय. नुकती छातीतून गोळी निघालेल्या माणसाबद्दल कोणतं पोर दुसरा अर्थ घेईल? मी सगळा जन्म त्याला जगवला होता, आणि तो नुसता वाचत बसला होता.

"पुढचं काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलंच नाही, काय वाचून राहिला म्हणून."

"बाबा!"

"अरे, लहान होता तू. तो मरते म्हटलं तर झोपला असता का? तिथं थांबवला की गपचूप जेवत होता, झोपत होता." त्यांनी माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं. "तू थांबवला ना आता, तसाच."

मी टीव्ही बंद करायला गेलो. काही कारण सांगत होतो, नेट गेलं वगैरे. भिंतीवरच्या खटक्यापर्यंत पोचलोही होतो.

"आण इकडं ते."

रिमोट घेतला. सुरू, त्यांनी केला. त्यांचा अंगठा जाड आहे, मागावरचा. एका दाबात लागला.

फट्.

पेपर खाली पडतो. वाऱ्यानं त्याचं एक पान व्हरांड्यातून अंगणात जातं. समाप्त.

*

कूलर तेवढा आवाज करत होता. उन्हं भिंतीवरून खाली सरकली होती. दवाखान्याचं ऑफिस बंद व्हायला फार वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरात गेलो, पाणी प्यालो, परत आलो, परत गेलो. प्रणाली डोळ्यांनीच विचारत होती, आता? आता काय. नाही म्हणणाऱ्या माणसाला मी स्वतः बसवून मेलेला माणूस दाखवला होता.

"आपरेशननं नाही मेला," बाबा म्हणाले.

"काय?"

"कोटवाला. आपरेशन चांगलंच झालं होतं त्याचं. त्या म्हाताऱ्या डाक्टरनं केलं, कंदिलात. बसला होता ना आरामात. मेला तो चष्मेवाल्यापायी." त्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला. "मी सांगत होतो तेव्हा हे ध्यानातच नाही आलं कधी. मले वाटे, मेला म्हंजे मेला."

बोललो असतो तर बिघडवलं असतं.

"तुह्या त्या दवाखान्यात पेपर येते का?"

"येत असेल... येतो, बाबा. येतो."

"मराठी?"

"मराठी."

"मंग लाव फोन. वाचून राहीन तिथं." आणि टीपॉयवरचा पेपर उचलून त्यांनी घडी मोडली. "कोणत्या अर्थानं, ते तू पाहून घे."

मी फोन लावला. पलीकडे एक बाई म्हणाली, थांबा, आणि संगीत लागलं. मला थांबवत नव्हतं. कानाला फोन, आणि मी बाबांच्या खुर्चीचा हात धरला. बाबांसकट ती फिरवायला लागलो. फरशीवर खुर्चीचे पाय करकरले. अर्ध्यात अडली, मग फिरली. आता त्यांचं तोंड दाराकडे.

बाबांनी पेपरावरून मान वर केली.

"हे काय करून राहिला गा? कूलरची हवा गेली ना!"

"राहू द्या," मी म्हणालो. आणि फोनवर एकदम आवाज आला तशी त्या बाईलाही म्हणालो, "राहू द्या, म्हणजे तारीख. तीच राहू द्या. आम्ही येऊन राहिलो."