भात पडल्यावरचा ताल

गाणं सरळ केलं म्हणे! कपड्याला इस्त्री मारावी तसं. अर्णवनं पुण्याहून आमच्या अल्बमची गाणी मिक्स करून पाठवली, पहिलंच ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्याला फोन लावला.

"ताल सारखा हलत होता गं शाहीन," तो म्हणाला. "मधेच मंद, मधेच जलद. कॉम्प्युटरवर एकसारखा बसवून टाकला."

"मंद होतो कारण तिथं भात पडतं, दीडशहाण्या!"

"म्हणजे?"

म्हणजे काय, माझं कपाळ! आता तुम्हीच सांगा. नसरापुरात आमची भातगिरणी आहे, माझे अब्बा मौलाली ती तीस वर्षं चालवतात. बँड आमचा दोघांचाच. मी ड्रम वाजवते आणि गाते, भोरचा शौनक गिटार वाजवतो. गिटार आणि गाणं आम्ही पुण्यातल्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं, पण ठेका सगळा गिरणीतला, चालू मशीनच्या आवाजासकट तिथंच रेकॉर्ड केलेला. गिरणीच्या पट्ट्याला एक जोड आहे, तो चाकावरून गेला की टक् वाजतो. वरून पोतं ओतलं की मशीन दमतं आणि टक् लांबतो. भात सरत आलं की पुन्हा पळायला लागतं. त्या टक् बरोबर वाजवायला शिकताना माझी बोटं सोलून निघाली. सात गाणी अशी केली आम्ही, दोन वर्षं खपून. आणि ह्या बाबानं एका दुपारीत सातही सरळ केली. शुक्रवारी अल्बम बाहेर येणार होता.

शौनकला फोन केला, तर तो थंडच.

"जाऊ दे ना शाहीन. असंच लोकांना जास्त आवडेल. मी हो कळवलंय त्याला."

"मला न विचारता?"

"तू भांडली असतीस."

"भांडलेच असते! मग काय ओवाळलं असतं?"

तो हसला. असा राग आला म्हणता! म्हटलं, "आत्ताच्या आत्ता गिरणीवर ये. अब्बांना ऐकवू. त्यांनी चालेल म्हटलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

तासाभरात आला गाडीवरून, खुशीत. अब्बांनी आजवर कुणाच्या लेकराला नावं ठेवलेली नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अब्बांनी मशीन बंद केलं, अंगावरचा कोंडा झटकला आणि पोत्यावर बसून हेडफोन लावला. डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं.

"लई ग्वाड गायलीस गं," ते म्हणाले. "गिटारबी झकास."

शौनकनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी नुसती चडफडत उभी.

"पर शौनक, गिरणी रिकामी कुणी फिरवली?"

"रिकामी नाही चाचा. तुम्हीच चालवत होतात की."

"म्या? म्या तर तवा पासलीच्या ज्ञानूचं इंद्रायणी भात भरडत व्हतो. चांगलं ध्यानात हाय. ह्यात कुठं भात पडतंय? एकसारखी टक् टक् चाललीया. आत दाणा नसला की अशी वाजती." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. "आरं, दाणा नसताना म्या गिरणी कंदी फिरवली न्हाई. मशीन झिजतं फुकट. लोक म्हणतील, मौलालीला म्हातारपणी काय झालं?"

"चाचा, कुणाला कळणार आहे ते?"

"ज्ञानूला कळंल. भात त्येचं व्हतं."

अब्बांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मला वाटलं होतं, आता शौनकला चांगलं फैलावर घ्यावं, चार गोष्टी सुनावाव्यात. तयारच होत्या माझ्या तोंडात. पण तो त्या पट्ट्यापाशी गेला आणि जोडावरून बोट फिरवून बघितलं. मग त्यानं मोबाईल काढला आणि अर्णवला लावला.

"अर्णव, सातही गाण्यांत भात परत टाक."

पलीकडून अर्णव काहीतरी सांगत होता. मिक्स शुक्रवारसाठी पुढं पाठवलंय, उशीर झालाय, असलंच.

"मग थांबव!" शौनक ओरडला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ज्ञानूचं भात आहे ते! काढणारा तू कोण, आणि हो म्हणणारा मी कोण?"