नंबर वाच आधी

सासरेबुवा सुनेच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसले, तेव्हाच तिनं ओळखलं की आज सुखासुखी काम होणार नाही.

काम तसं अर्ध्या तासाचं. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी नातीसाठी वाचून ठेवलेल्या एकशे बारा गोष्टी एका जुन्या डिस्कवर होत्या, फक्त तिच्यावरच, आणि ती डिस्क आता कुरकुरायला लागली होती. आधी नवी डिस्क फॉरमॅट करायची, मग सगळं तिच्यावर उतरवायचं. सून कारखान्यातले सर्व्हर सांभाळायची. माऊसला हात न लावता, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून असली कामं ती चुटकीसरशी उरकायची.

तिनं यादी मागवली. संगणकानं जुन्या डिस्कला एसडीबी नाव दिलं होतं, नवीला एसडीसी. एसडीसी पुसायची आज्ञा टाइप केली, तेवढ्यात सासऱ्यांचा पाय वायरीत अडकून दोन्ही डिस्क सुटल्या.

"बाबा!"

"लाव की परत. आभाळ कोसळलं का?"

तिनं दोन्ही पुन्हा जोडल्या आणि बोट एंटरवर नेलं.

"थांब. नंबर वाच आधी."

सासऱ्यांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. तिथली रीत अशी, की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं. सासूबाई वाचायच्या, हे तपासायचे. लग्नही तिथंच जमलं. अजूनही औषधाच्या बाटलीवरची तारीख कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय ते औषध घेत नसत.

"बाबा, मी हे रोज करते हो."

"रोजच्याच कामात चुका होतात. वाच."

वाद घालण्यापेक्षा वाचलेलं बरं, म्हणून तिनं एसडीसीचा नंबर, प्रत्येक डिस्कवर वेगळा छापलेला असतो तो, पडद्यावर आणला आणि मुद्दाम शाळकरी सुरात सुरुवात केली. "चार, शून्य, सात, दोन..."

"नऊ, नऊ, तीन, आठ," सासरे डोळे मिटून म्हणाले. "ही तिची आहे."

सुनेनं झटकन हात मागे घेतला. जुनी डिस्क उलटून बघितली, तर मागे तोच नंबर. संगणक ही नावं जोडण्याच्या क्रमानं देतो; या वेळी नवी आधी जोडली गेली होती, त्यामुळे नावांची अदलाबदल झाली होती. एंटर दाबलं असतं, तर सगळ्या गोष्टी गेल्या असत्या.

"नंबर पाठ कसा तुम्हाला?"

"रोज हातात घेतो ना. लावता कुठं येते मला? मग नंबर वाचतो."

"मला सांगायचंत की!"

"तू कामात असतेस."

सुनेला स्वतःचा राग आला, आणि म्हाताऱ्याची इतकी माया दाटून आली की पडद्यावरचं काही दिसेना. तिनं डोळे पुसले, आज्ञेतलं अक्षर बदललं, नव्या डिस्कचा नंबर मोठ्यानं वाचला. त्यांनी खोक्यावर बघून "बरोबर" म्हटल्यावरच एंटर दाबलं.

सगळं उतरल्यावर तिनं पहिली गोष्ट लावली. आधी खाकरणं, मग सासूबाईंचा वैतागलेला आवाज: "अहो, तो पंखा बंद करा आधी. आवाज येतोय."

सासरेबुवा उठले आणि पंखा बंद करून आले.