कबुलीचं कपाट

चर्चने दोन हजार वर्षांत साम्राज्यं उभी केली आणि आडवीही केली, एका सम्राटाला माफीसाठी बर्फात अनवाणी ताटकळत ठेवलं, नकाशांवर रेघा ओढल्या, आणि त्या त्या काळच्या उत्तम चित्रकारांना छताखाली उताणं पाडून कामाला लावलं. कॉम्रेड हे सगळं भाषणात सांगायचे आणि शेवटी मूठ आपटून बजावायचे, "अशा संस्थेला आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका!" कॉम्रेड धंद्याने सुतार. त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत चर्च आलं ते एका दुपारी, हातगाडीवरून, वाळवी लागलेल्या अवस्थेत.

"हे आमचं कबुलीचं कपाट," फादर म्हणाले. फादर तरुण होते, गावात नवे होते आणि गाडी ढकलून घामाघूम झाले होते.

कपाट म्हणजे तीन खणांची उभी लाकडी खोलीच होती. मधल्या खणात बैठक आणि दार, तिथे फादरनी बसायचं. दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला फळी आणि तोंडासमोर जाळी, तिथे ज्याने त्याने आपापली पापं सांगायची. वर द्राक्षांच्या वेली कोरल्या होत्या. देणगीदाराच्या नावाची पितळी पाटी होती. कोरणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

"बघा," कॉम्रेड पाटीवर टिचकी मारून म्हणाले, "इतिहास हा असा लिहितात."

"पाय वाळवीने खाल्लेत," फादर म्हणाले. इतिहासात शिरायला त्यांना वेळ नव्हता. "जाळ्या तुटल्यात. मधल्या दाराला कुलूप बसेल अशी कडी हवी. आणि मागच्या फळीला खाली एक भोक पाडा, दोन बोटं जातील एवढं."

"भोक कशाला?"

"लागेल."

वाऱ्यासाठी असेल, असं कॉम्रेड धरून चालले. दिवसभर लोकांची पापं हुंगून माणूस गुदमरणारच. कुलपाचं मात्र त्यांना कोडं पडलं. पक्षाचे जे दोघे सभासद अजून हयात होते, त्यांनी हे काम घेतल्याबद्दल नाकं मुरडली. कॉम्रेड म्हणाले, "लाकडाला धर्म नसतो." वाक्य त्यांना इतकं आवडलं की चहाच्या टपरीवर त्यांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं.

खरी गोष्ट वेगळी होती. तीस वर्षांपूर्वी त्यांची बायको दर रविवारी चर्चमध्ये जायची. गाणाऱ्यांच्या चमूत उभी राहायची. पुढे नगरपालिकेची निवडणूक आली, आणि पक्षाचे चिटणीस कॉम्रेडना बाजूला घेऊन म्हणाले, "उमेदवाराची बायको चर्चमध्ये? विरोधक आपलं हसं करतील. घरात जरा बघा."

कॉम्रेडनी घरात बघितलं. आवाज चढवला नाही, ताट भिरकावलं नाही. पुरोगामी माणूस होता. एवढंच म्हणाले, "तू गेलीस तर मला तिकीट मिळायचं नाही. तुझं तू ठरव." तिने ठरवलं. जाणं बंद केलं. तिकीट मिळालं आणि डिपॉझिट जप्त झालं.

घरचं झालं थोडं, म्हणून पुढे पक्षाने घोडं धाडलं. दहाएक वर्षांनी चर्चच्या लोकांशीच युती झाली. चिटणीस रविवारी पहिल्या बाकावर दिसू लागले. 'जनतेच्या भावना' असं कारण त्यांनी दिलं. गेल्या वर्षी ते वारले. शवपेटीच्या एका अंगाला पक्षाचा झेंडा आणि दुसऱ्या अंगाला क्रूस, अशी दोन्हीकडची सोय लावून गेले. कॉम्रेड तत्त्वाला जागून बाहेर चर्चच्या पायऱ्यांशीच थांबले. बायको शेजारी उभी होती. आतून चार म्हाताऱ्यांचं गाणं ऐकू येत होतं.

"खालचा आवाज चुकतोय," ती म्हणाली.

बस्स. ना टोमणा, ना उसासा. पण तेव्हापासून ते वाक्य कॉम्रेडना अडत होतं, रंध्याखाली खिळा यावा तसं. त्या चिटणिसासाठी आपण बायकोचा देव काढून घेतला! हिशेब आता कुणाला विचारणार? चिटणीस तर वर जाऊन बसले. म्हणजे त्यांच्या नव्या मतांप्रमाणे वर. जुन्या मतांप्रमाणे कुठेच नाही.

कपाट दुकानात आल्यापासून बायको चहा घेऊन आली की कप ठेवायची, चपला काढायची आणि मधल्या खणात शिरून दार ओढून घ्यायची. बाहेर नुसत्या चपला. मधूनच आतून पुटपुटल्यासारखं यायचं. कॉम्रेड करवत थांबवून कान द्यायचे, आणि लाज वाटून पुन्हा चालू करायचे. तीस वर्षांची प्रार्थना साचली असणार, त्यांनी ताडलं. काम उरकलं की हेही जाणार. म्हणून ते एकच फळी पुन्हा पुन्हा घासत बसले.

"झालं का, कॉम्रेड?" फादर डोकावले.

"लाकूड ओलं आहे."

"शंभर वर्षं जुनं लाकूड?"

"तुमच्याकडे सगळंच सावकाश सुकतं."

फादर हसले, पण शनिवारी गाडी पाठवतो म्हणाले. आता घोडं पुढे दामटण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

शुक्रवारी दुपारी चपला बाहेर दिसल्या तेव्हा कॉम्रेड बाजूच्या खणात शिरले आणि स्वतःच बसवलेल्या फळीवर त्यांनी गुडघे टेकले. गुडघे कडाडले. त्या सम्राटाचं त्यांना पहिल्यांदाच वाईट वाटलं. जाळीतून काहीच दिसत नव्हतं. चांगली बसवली होती.

"मी आहे," ते म्हणाले.

"दुसरं कोण असणार? दुकान तुमचंच आहे."

"त्या वेळी मी तुला अडवायला नको होतं. मी... म्हणजे ठरव म्हणालो, पण ते काही ठरवणं नव्हतं. मला कळत होतं. चुकलो मी."

जाळीपलीकडे बैठक करकरली.

"एवढं तोंडावर सांगायला काय झालं होतं?"

"तोंडावर सांगता येत नाही म्हणून तर हे कपाट निघालं ना."

ती हसल्यासारखं वाटलं. त्या धीरावर ते पुढचं बोलले. "तुझा देव मी हिरावला. परत जा. मी सोडायला येतो, पायऱ्यांपर्यंत."

"अहो, देवाचं काय घेऊन बसलात? तो घरीही होता. भांडी घासताना, तुमच्या सभेच्या चादरी धुताना. त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही."

"मग?"

"गाणं घरी नव्हतं. खालचा सूर एकटीने गाता येत नाही हो. वरची तिघंचौघं लागतात, मग त्याला अर्थ येतो. एकटीने गायला की गळा खराब झाल्यासारखं वाटतं. इथे दार लावलं की आवाज घुमतो. म्हणून रोज बघत होते, तो सूर येतोय का."

"येतोय?"

"नाही."

कॉम्रेडना एक आठवलं. पक्षाचं एक कलापथक होतं त्या काळी. डफ, झेंडा, सगळं होतं. खालच्या आवाजाची बाई मिळेना म्हणून ते मोडलं. त्यासाठी कॉम्रेड तीन तालुके हिंडले होते. घरी विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. हे त्यांनी जाळीतून सांगितलं नाही. एका दिवसाला एवढी कबुली पुष्कळ झाली होती.

"चौघांत उभी राहिलीस तर येईल कदाचित," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांचा चुकतोच आहे."

"आता कसला येतोय." मग तीच पुढे म्हणाली, "बघू. उद्या कपाटाबरोबर येते. नुसतं ऐकीन. उठा आता, गुडघे धरतील."

गुडघे धरलेच होते. तिने दार उघडून हात दिला, तेव्हा कुठे ते उठले.

शनिवारी हातगाडीमागून दोघं चालत गेली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, आणि वाटेत दोनदा घसा खाकरला. पायऱ्यांशी कॉम्रेड थबकले, मग कपाटाचं एक टोक धरायला माणूस कमी पडतोय असं स्वतःशी म्हणून आत गेले. कपाट मागच्या भिंतीला लागलं. फादरनी कडी लावून पाहिली, खाली वाकून भोक पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"फादर," कॉम्रेडनी एकदाचं विचारलं, "गाणारी मंडळी सरावाला कधी जमतात?"

"ती कुठली आता? चौघांतले दोघे गेले, दोघांना ऐकू येत नाही. आता गाणं मशीनवर लावतो. छान येतं." फादरनी बाकाखालून एक काळा अँप्लिफायर काढला. "कबुलीलाही कोणी येत नाही. पण हा मागच्या महिन्यात चोरीला जाता जाता वाचला. म्हणून म्हटलं, कुलूपवालं कपाट होऊन जाईल."

त्यांनी अँप्लिफायर मधल्या खणातल्या बैठकीवर ठेवला. कॉम्रेडच्या बायकोने तो नीट मावावा म्हणून जरा आत सरकवला. भोकातून वायर पहिल्याच खेपेला बाहेर आली.