मस्टँग, कॉर्व्हेट आणि प्रफुल्लचे गुडघे

“चिकटतच नाय बघ.” केतनने लोहचुंबक कॉर्व्हेटच्या दाराला लावला आणि हात काढला. लोहचुंबक फरशीवर पडला. त्याने उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. “पुट्टी भरलीय भावा. ठोकलेली गाडी रंगवून दिली तुला. अमेरिकेचं भंगार डोंबिवलीला आणलंस.”

जयेशचा चेहरा उतरला. गाडी बोटीतून उतरून आठवडाच झाला होता. “एजंट तर बोललेला, क्लीन पीस आहे,” तो म्हणाला.

शेजारी केतनची मस्टँग उभी होती. तिच्या दाराला लोहचुंबक टक्कन चिकटला. “हा पत्रा. हिला म्हणतात गाडी.”

कोलशेतला, खाडीच्या बाजूला, हे गाड्या पॉलिश करायचं दुकान. दुकान म्हटलेलं मालक विनीतला चालत नसे, स्टुडिओ म्हणायचं. केतन बिल्डरचा मुलगा, जयेश कारखानदाराचा. दोघांपैकी एकानेही कधी टायरची हवा स्वतः तपासलेली नव्हती, आणि कुठली गाडी भारी यावर दोघं तासभर भांडू शकत. आज भांडण संपलं होतं. आपल्याकडे जुनी गाडी घ्यायला जाणारा जो तो खिशात लोहचुंबक घेऊन जातो. चिकटला तर पत्रा, पडला तर पुट्टी. यापुढे अपील नाही.

प्रफुल्ल मागे कापडं पिळत उभा होता. एकोणीस वर्षं तो गाड्यांची चाकं घासत होता, उकिडवा बसून. आता गुडघे गेले होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, उकिडवं बसणं बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल. विनीतने शब्द दिला होता: सोमवारपासून डोंबिवलीच्या नव्या शाखेत हेड. दिव्याखाली गाडीचा रंग तपासायचा, उभ्याने. बसायचं नाही. त्या सोमवारला एक दिवस उरला होता. बायकोला, रचनाला, त्याने सांगून टाकलं होतं. तिने ते अख्ख्या शहाडला सांगितलं होतं.

गप्प बसायला एवढं कारण पुरेसं होतं. पण जयेश रडायला आला होता, आणि खोटं चाललं होतं.

“शेठ, ती पुट्टी नाय,” प्रफुल्ल म्हणाला. “कॉर्व्हेटची बॉडी पहिल्यापासून लोखंडाची नसतेच. फायबरची येते. तिला मॅग्नेट कधीच चिकटणार नाय. गाडी चांगली आहे.”

“काय पण,” केतन हसला. “म्हणजे प्लास्टिकचा डबा.”

“तसं नाय शेठ. तुमच्या मस्टँगच्या बॉनेटला लावून बघा. तिथून पण पडेल. अ‍ॅल्युमिनियम आहे ते.”

विनीत डोळे मोठे करून बघत होता. केतनच्या बापाच्या कंपनीच्या अकरा गाड्या इथे येत. प्रफुल्लला ते डोळे दिसले, पण तोवर केतनने लोहचुंबक स्वतःच्या बॉनेटवर लावला होता. तो उतारावरून घसरला आणि फरशीवर पडला.

जयेश मोठ्याने हसला. दुकानाची रीलं काढणारी माधवीसुद्धा हसली, मग विनीतकडे बघून तिने तोंड मिटलं.

केतन हसला नाही. त्याने लोहचुंबक उचलून खिशात टाकला. “काका, हे सगळं कुठे शिकलात?”

“रद्दीत.”

“कुठे?”

“आई कल्याणला रद्दीच्या वखारीत कागद निवडायची. गुळगुळीत कागदाला भाव नसतो, म्हणून परदेशातली गाड्यांची मासिकं घरी आणायला मिळायची. डिक्शनरी घेऊन वाचली.”

“वा. मग आता तुम्हीच सांगा. दोघींची रेस लावली तर कुठली पुढे?”

विनीत घाईने म्हणाला, “दोन्ही टॉप आहेत ना, प्रफुल्ल?”

सुटायची शेवटची वाट होती ती. पण एकोणीस वर्षांत त्याला कुणी, ‘तुला काय वाटतं,’ असं विचारलेलं नव्हतं. माणूस पैशाला भुलतो त्यापेक्षा लवकर या प्रश्नाला भुलतो.

“कॉर्व्हेट,” तो म्हणाला. “मस्टँगचा दम मोठा आहे, आवाज तर तिचाच. पण इंजिन पुढे आहे. सुटताना मागची चाकं जागेवरच घसरतात. कॉर्व्हेटचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, वजन मागच्या चाकांवर. ती घसरत नाय. ती निघते.” बोलताना त्याचे हात हवेत गाडी धरून वळवत होते.

“मस्त,” केतन म्हणाला. “पण घोडबंदरच्या खड्ड्यांत कसली रेस लावणार? त्यापेक्षा तुमचीच लावू. माझ्या मस्टँगची चारही चाकं, बारा मिनिटांत, चकाचक. माधवी, शूट कर. विनीत, तुझा हेड एवढा फास्ट पाहिजे की नको?”

प्रफुल्लने विनीतकडे पाहिलं. गुडघ्यांचा दाखला त्यानेच विनीतच्या टेबलावर ठेवला होता.

“पाहिजेच की,” विनीत म्हणाला. “कर रे पटकन. सोमवारचं त्यावरच ठरवू.”

“सर, बसायचं स्टूल घेतो.”

“स्टूल नको. बंपरला लागतं.”

जयेशने स्वतःहून मोबाइल काढला आणि वेळ लावली. ज्याची अब्रू पाच मिनिटांपूर्वी वाचली होती, तोच मोजायला पुढे. “रेडी, काका? चला.”

पहिलं चाक प्रफुल्लने उकिडवं बसून केलं. दात आवळलेले, हात मात्र नेहमीसारखे: आधी आतली कड, मग आरे, मग नट. दुसऱ्या चाकाला डाव्या गुडघ्यातून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तो गुडघे टेकून घासू लागला.

“काका फर्स्ट गिअरमध्येच अडकले,” जयेश म्हणाला.

“अरे, मागची चाकं घसरतायत त्यांची,” केतन म्हणाला. “वजन टाका काका, वजन मागे टाका.”

तिसऱ्या चाकाकडे तो चालत गेला नाही. एक पाय लांब करून, ढुंगणावर सरकत, ओल्या फरशीवरून गेला. पँट भिजली. माधवीने मोबाइल खाली घेतला.

“थांबवलं कशाला?” विनीत म्हणाला. “रीलला हेच तर चालतं.”

तिने पुन्हा वर धरला.

चौथं चाक झालं तेव्हा जयेशच्या मोबाइलवर अकरा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. केतनने वाकून चाकाच्या आत बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ निघालं. त्याला ते आवडलं नाही.

“जिंकले काका. उठा आता, टाळ्या वाजवू.”

प्रफुल्लने उठायचा प्रयत्न केला. पाय हुकूम ऐकेनात. तो अर्धा उठला आणि खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठांवर, का कोण जाणे, हसू. मालकापुढे ठेवायचं हसू.

“विनीत, हा हेड?” केतन म्हणाला. “कस्टमरला नमस्कार करायला क्रेन लावणार का?”

विनीतने क्षणभर प्रफुल्लकडे पाहिलं. निर्णय त्याचा होता आणि त्याने तो सोप्या बाजूने घेतला. “प्रफुल्ल, तू तब्येत बघ बाबा आधी. डोंबिवलीला मी दुसरा कोणतरी बघतो. इथेच आरामात चाकं करत जा.”

“सर, वेळेत झालं.”

“झालं ना. कोण नाय म्हणतंय? माधवी, काचेच्या केबिनमध्ये कॉफी पाठव. चला रे.”

तिघं आत गेले. माधवी हात पुढे करून थांबली होती. प्रफुल्लने ‘नको’ म्हणून मान हलवली. ती कॉफी सांगायला गेली.

मग त्याने मस्टँगच्या बॉनेटवर तळवा टेकला, सगळा भार त्यावर टाकला आणि उभा राहिला. थोडा वेळ तसाच राहिला, श्वास येईपर्यंत. काळ्या रंगावर त्याचा पंजा उमटला होता, पाचही बोटं, रेषांसकट.

खांद्यावरचं कोरडं कापड काढून त्याने तो पुसला. वाकून, दिव्याच्या उजेडात तिरकं बघितलं. अंगठ्याचा भाग अजून राहिला होता. तोही पुसला.